दार

आमच्या वाडीच्या शेडवर चेसिस यायची ती उघडीच.
दोन गर्डर, सहा चाकं, एक इंजिन
अन् फळीवर दोरीनं बांधलेला डोमा गजभिये,
डोक्याले ओला दुपट्टा, डोळ्याले वेल्डिंगचा चष्मा.
जमशेदपूर ते नागपूर. मे महिना.

उतरला का आधी चूळ भरायचा.
"देवरीच्या जंगलात तोंड उघडं राह्यलं, मिस्त्री,
जेवणच झालं समज."

मी फळ्या मोजायचो.
टप, फाळके, मागं मोर,
दाराले पितळी कडी, वेगळी माझ्या पसंतीची.
वीस दिवसांनी गाडी निघे,
तवा डोमा दुसरी घेऊन कुठंतरी रायपूरच्या अलीकडं.
आपल्या एकाही गाडीचं दार
त्यानं कधी लावून पाह्यलं नाही.

आता केबिन कंपनीच बसवून पाठवते.
गादी, एसी, काच.
माझा रंधा गंजला, त्याचं सोडा.

परवा डोमा आला,
शर्टाची इस्त्री शाबूत.
काच खाली घ्यायचं बटन सापडेना.
मी बाहेरून बोलतो, तो आतून,
दोघांच्या नुसत्या मिशा हालतात.

शेवटी दार ढकलून म्हणाला,
"झोप येते बाप्पा याच्यात.
साकोलीची हवा कुठं सरली,
मौद्याचा धूर कुठं लागला,
काही म्हणता काही समजत नाही."

चहा झाला. निघाला.
नाक्यापर्यंत पाहत होतो मी:
दार तसंच उघडं,
हालत चाललं होतं.