सातवी कडी

दस्तगीर मेस्त्रीनं स्क्रूड्रायव्हर टेकवला
आणि तो मुठीपर्यंत आत गेला,
चहात बुडवलेल्या बटरात बोट जावं तसा.
"ताई, सहा कड्या शाबूत हैत.
ही सातवी नुसती रंगावर उभी हाय."

उत्तरेश्वर पेठेतलं आमचं घर. दोन मजले, दोन मीटर.
खाली मी. वर धैर्यशील, माझा पाठचा भाऊ.
आतला जिना त्यानं फळ्या मारून बंद केला
आणि बोळातून लोखंडी घातला, त्याला नऊ वर्षं झाली.
वाटणीपत्रात भिंती आहेत, मोरी आहे,
परड्यातला शेवगासुद्धा आहे, निम्मा निम्मा.
कड्यांचं कुणी लिहिलं नाही.
माझं छत ती त्याची जमीन.
वाळवीनं मात्र दोघांचं मिळून खाल्लं.

नवी कडी जुनीच मिळाली, टिंबर मार्केटात,
कुठल्याशा मोडलेल्या गुऱ्हाळाची,
ऐनाची, धुरानं काळी, साडेअकरा फूट.
करवत लागली तसा घरभर वास सुटला
काकवीचा, चुलवाणाचा.
अरमाननं भुशाची चिमूट चाटून बघितली
आणि आजोबांचा धपाटा खाल्ला.

मग शेजारच्या टेंपोचा जॅक,
खाली पाट, वर फळीचा तुकडा.
दांडा फिरेल तसं घर कण्हायला लागलं.
नव्वद वर्षांचा धुरळा
केसांत, पापण्यांवर, झाकलेल्या दुधात.
आणि मेस्त्री थांबला.
"वर वजन हाय. बरोबर हितं.
कपाट असंल. सांगा की त्यास्नी."

सांगा की.
आधी वाटलं अरमानला पाठवावं.
मग चिठ्ठी.
मग मान वर केली
आणि तक्त्याच्या फटीला,
जिथून त्याच्या ट्यूबलाइटचा उजेड गळतो तिथं,
हाक मारली: "धैर्या, कपाट सरकव."

वर काहीच नाही.
पंखा. कुकरची दुसरी शिट्टी.
मग: "किती?"
"दोन हात."
"कुठल्या अंगाला?"
माझ्या तोंडातून आलं, "आईच्या फोटोकडं."
फोटो अजून तिथंच आहे की नाही, मला माहीत नव्हतं.
कपाट सरकलं. त्याच बाजूला.

कडी बसवायची रीत उलटी असते.
आधी एका भिंतीत लागते त्याहून वीतभर जास्त घालायची,
मग दुसरं टोक समोरच्या भोकाशी आणून
हळूहळू मागं घ्यायची,
दोन्हीकडं सारखी टेकेपर्यंत.
टोकांना डांबर. फटीत काळ्या दगडाच्या चिपा.
सागवानी पाचर, तीन ठोके.
जॅक उतरला. घर बसलं.
मेस्त्रीनं कान देऊन ऐकलं: कर्र नाही, कूं नाही.
"आता वर म्हैस बांधा."

रात्री आडवी झाले आणि कळलं काय गेलं ते.
ती सातवी कडी वाजायची.
तीन वाजता वाजली की समजायचं,
पित्त खवळलं, पाणी प्यायला उठला.
ओळीनं चार रात्री वाजली तेव्हा
कारखान्यात त्याचं काहीतरी बिनसलंय
हे गल्लीच्या आधी मी ओळखलं होतं.
आता तो चालतो की झोपतो,
छत काही बोलत नाही.
मजबूत आहे.

पाचव्या दिवशी सकाळी वरून आवाज आला,
फट बुजलेली, म्हणून जरा मोठ्यानंच:
"तुझ्या कडीच्या मुंग्या वर आल्यात."
बघितलं तर रांग लागलेली,
माझ्या भिंतीवरून कडीवर,
कडीवरून तक्त्याच्या सांध्यात,
गुऱ्हाळाचं उरलंसुरलं हुडकत.
"हळद टाक," मी म्हटलं.
"हळद संपलीया."

पोत्यानं हळद भरणारा माणूस हा.
मी वाटी शोधायला लागले.