थिगळ

किल्ल्याखालच्या संग्रहालयात, काचेपलीकडे, चिलखत.
फूटपट्टी लावायला मनाई,
म्हणून काचेवर करंगळी धरून मोजलं:
नखाएवढी कडी,
प्रत्येक कडीत आणखी चार ओवलेल्या.

दौलतगंजात तार मिळाली, किलोवर.
सळईवर गुंडाळा, कापा, टोकं चपटी ठोका,
टोच्याने भोक, टाचणीएवढं रिबीट.
दिवसाला साठ.
वीज गेली तर चाळीस.

चौथ्या वर्षी पहारेकरी भदौरिया म्हणाला,
‘बाबूजी, बगल देखी?’

गुडघ्यांवर बसून पाहिली.
डाव्या काखेत एकतीस कड्या वेगळ्याच.
जाड तार, रिबीट नाही,
नुसत्या दाबून मिटवलेल्या.
घाई असणार.

भाला शिरला असेल.
किंवा नुसता गंज.
कुणाच्या तरी अंगावरून उतरवलं,
भोक बुजवलं,
आणि पुढच्याला दिलं.

माझं तर सगळं धड होतं.

काल रात्री पक्कड घेतली,
एकतीस कड्या उचकटल्या, माझ्याच.
बायको दारात उभी राहून बघत होती,
काही बोलली नाही.

जाड तार आणून ठेवलीय.
हात होत नाही.

सकाळी भाचा आला, यशोधन, एकोणीस वर्षांचा,
‘मामा, घालून बघू?’
दोन्ही हात वर करून उभाच राहिला.

थांब, म्हटलं.
आज नको.