आणि इतर

विद्यापीठाच्या फाटकासमोर, झेरॉक्सच्या दुकानात
मी प्रबंध टाईप करते. पानाला बारा रुपये,
संदर्भसूचीला पंधरा, कारण तिथं डोळे जातात.
जगात जर्मनी, भारतात परभणी, असं म्हणतात आमच्याकडं.
संदर्भसूचीत जर्मनी तुरळक.
तिथं चीन.

आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नावाचं एकच अक्षर.
शाळेच्या हजेरीत मी अशीच होते:
खिल्लारे, एस.
एस म्हणजे सत्यशीला, हे मास्तरांनी चौथीपर्यंत विचारलं नाही.

यादी इंग्रजी मुळाक्षरांनी लावायची,
त्यामुळं झांग, झाओ, झेंग, झू अगदी शेवटी.
त्यांच्यापाशी पोचते तेव्हा रात्रीचे साडेनऊ,
इन्व्हर्टर कुईकुई करतोय,
डब्यातली भाकरी कडक.

झांग, डब्ल्यू.: ज्वारीची खोडमाशी आणि पानावरची लव.
झांग, डब्ल्यू.: रेशीमकिड्याची चौथी कात.
झांग, डब्ल्यू.: दुधाचे दात उशिरा पडणारी मुलं.
झांग, डब्ल्यू.: भूकंपाआधी विहिरींची पाणीपातळी.

एकच माणूस असेल तर बिचारा झोपतो कधी?
सकाळी माशीचे पाय मोजतो,
दुपारी पोरांची तोंडं उघडून बघतो,
संध्याकाळी दोर घेऊन विहिरी हिंडतो,
घरी बायको म्हणते, मीठ संपलंय.
का बायकोच झांग, डब्ल्यू.?
एका अक्षरावरून बाई-बुवा कळत नाही.

विहिरींच्या ओळीवर बोटं थांबली होती.
किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी मावशीकडं होते,
औशाच्या अलीकडं.
आदल्या आठवड्यात आडाचं पाणी गढूळ आलेलं.
मावशीनं फडक्यातून गाळलं अन् चुलीवर ठेवलं.
हे कुणी लिहून घेतलं नाही.
तिकडं कुणा बाईचं गढूळ पाणी
तक्ता क्रमांक तीनमध्ये आहे.

वैजनाथ सोळंकेला एक लेख पाहिजे होता,
पैसे भरल्याशिवाय उघडेना.
खाली पत्ता: फान, आर.
"ताई, तुम्हीच टाका दोन ओळी,"
म्हणून तो चहा सांगायला गेला.
तिसऱ्या दिवशी लेख आला, सोबत एक प्रश्न:
तुमच्याकडं ज्वारीचं काय करतात?
आमच्याकडं दारू गाळतात, झाडू बांधतात.

मी लिहिलं. वैजनाथला दाखवलं नाही.
भाकरी. कण्या. आंबील. लाह्या.
कडबा बैलाला, धसकटं पायाला.
दाणा दुधात असताना हुरडा,
गोवऱ्यांच्या आरावर कणीस भाजून
तळहातावर चोळायचं अन् फुंकायचं,
त्या फुंकण्याला इंग्रजीत काय म्हणतात
मला माहीत नाही, माफ करा.

सहाच्या वर लेखक असले
की पुढच्यांचं "आणि इतर" करायचं, असा नियम आहे.
फानच्या लेखाला अकरा.
पाच जण मी पुसले.
पुसण्याआधी सातवा वाचला: त्यान.
वाटलं, वाक्य अर्धं राहिलंय.
त्यानं काय?
काय केलं त्यानं?
पानं कापली असतील, उन्हात उभं राहून,
एकेक पान पिशवीत, पिशवीवर नंबर.
त्यान म्हणजे शेत, असं मोबाईल म्हणाला.
मी शेत पुसलं
आणि दुसऱ्या दिवशी बांधणीला दिलं,
काळं रेक्झीन, सोनेरी अक्षरं.

ऋणनिर्देशात वैजनाथनं मार्गदर्शकांचे आभार मानले,
आई-वडिलांचे, वसतिगृहाच्या मेसवाल्याचे,
आणि इतर सर्वांचे.
ते "इतर" मीच टाईप केलं.
बोट अडखळलं नाही, सवय आहे.

दोन महिन्यांनी फानची एक ओळ आली.
हात भाजत नाही का?

अजून उत्तर दिलं नाही.
परवापासून मृदाशास्त्राची नवी यादी समोर आहे,
चारशे बारा संदर्भ.
एफपर्यंत पोचले की सांगीन.