चेकपॉइंट तीन

उलव्याच्या भरावावर तेव्हा काहीच नव्हतं.
मुरूम, खडी, मे महिन्याचा पांढरा उजेड.
पहिल्या वर्षी अकरा गाड्या,
त्यांतल्या दोन दूधवाल्यांच्या,
किटल्यांचे हूक तसेच.

हसुरामभावजींनी फक्कीने रेघ मारली,
वाऱ्याने ती खाडीकडे नेली.
शेवटी माझं हिरवं लुगडं फाडून
बांबूंना निशाणं बांधली.
पैसे कुणालाच नव्हते. माठ होता,
वडापाव होता, आणि एकच नियम:
शेवटची गाडी येईपर्यंत
कुणी घरी जायचं नाही.

सहाव्या वर्षी सतरा नंबर आलाच नाही.
रात्रभर बॅटऱ्या घेऊन आम्ही खड्डे धुंडाळले,
हाका मारून घसे बसले.
उजाडताना कळलं,
पठ्ठ्या शेलघरच्या वाटेने घरी गेला,
बोंबलाचं कालवण जेवून ढाराढूर झोपला.
भावजी त्याला काही बोलले नाहीत.
वहीत लिहिलं:
सतरा. पहाटे पाच चाळीस. पोचला.

आता तिथे बावीस मजले.
भावजी गेले, वही माझ्याकडे.
भाचीकडे जाते तेव्हा गेटवरचा पोरगा
रजिस्टर पुढे सरकवतो:
नाव, फ्लॅट, आत आल्याची वेळ.
नेमकी इथेच असायची माझी खुर्ची,
मोडक्या छत्रीखाली, हातात शिक्का.

निघताना तो विचारतो,
मावशी, बाहेर जायची वेळ टाका ना.
मी वरचे रकाने बघते.
दोघं अजून आत आहेत.

थांबते जरा, म्हणते.