पाचव्या वर्षीचा फोन

रिझेच्या चहामळ्यातून त्याला खाली आणलं तेव्हा
रात्रीचे दोन वाजून गेले होते.
मनगटातून तार आत सरकली,
तारेवरून जाळी,
आणि अडलेली धमनी वाहती झाली.
बाहेर बाकावर हमियेतचा जीव भांड्यात पडला.
भांडं चहाचंच असणार. या गावात दुसरं कुठलं?

सकाळी, उपाशीपोटी,
मी त्याच्या दंडातून दोन नळ्या रक्त काढलं.
साखर एकशे एकतीस.
ट्रायग्लिसराइड दोनशे चाळीस.
वेगवेगळे पाहिले तर दोघेही तसे सभ्य,
कुणाच्याही शेजारी राहतील असे.
नेवीन डॉक्टरांनी त्यांचा गुणाकार केला,
निम्मा केला, लॉगॅरिदम काढला:
नऊ पूर्णांक सहासष्ट.
वरचा गट.
ज्याची रेघ आलेखावर
इतरांच्या आधी उतरणीला लागते.

त्याला काय सांगणार?
गटाची पत्रिका मांडता येते,
दुर्सुनची नाही.

दुर्सुन म्हणजे 'राहो'.
आधीची तीन मुलं गेल्यावर आईनं ठेवलेलं नाव.
नवस नव्हे. सरळ हुकूम.

दर नोव्हेंबरात फोन करायचं काम माझं.
पहिल्या वर्षी म्हणाला, चहातले दोन खडे सोडले,
तिसरा नुसता गालात धरतो.
गालातला धरायचा का तुमच्या हिशोबात?
दुसऱ्या वर्षी गोळ्यांची नावं
पाढ्यासारखी घडाघडा म्हणून दाखवली
आणि एक मध्येच गाळली.
तिसऱ्या वर्षी माझ्यावरच उलटला:
तुमचा स्वतःचा आकडा किती?
मी विषय बदलला.
चौथ्या वर्षी नुसतीच घंटी वाजत राहिली,
आठवडाभर.
मग जानेवारीत त्याचाच फोन:
शोधत होतात म्हणे?

शेजारच्या खाटेवर क्याझिम होता,
यादीत सर्वांत कमी आकड्याचा,
साखर जिभेला न लावणारा शाळामास्तर.
त्याचा कागद दुसऱ्याच हिवाळ्यात मिटला.
नेवीन डॉक्टर म्हणतात, रेघ तरीही खरी असते.
असेल.
मला रेघेचा आवाज ओळखता येत नाही,
मास्तरांचा यायचा.

आज पाचवा नोव्हेंबर.
हमियेतनं उचलला.
दुर्सुन?
"तो वर गेला."

माझ्यासमोर चार चौकोन:
मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात, पुन्हा भरती.
पेन पहिल्यावर जाऊन थांबलं.
इतकी वर्षं हेच काम करते,
तरी अशा वेळी कोणता शब्द आधी बोलायचा
हे मला अजून येत नाही.
कधी, असं विचारलं.
"आत्ताच. न्याहारी करून.
वरच्या मळ्यातून चहाची गाठोडी खाली येतात ना तारेवरून,
त्यातलं एक मध्येच अडकलंय.
ते सोडवायला."

मी पेन उचललं.
चढताना त्याला धाप लागते का, विचारलं.
"चढ आहे बाई.
धाप मलाही लागते."

याला चौकोन नाही.
चारही कोरे ठेवून मी सही केली.

तळघरातल्या शीतपेटीत, उणे ऐंशीवर,
त्या सकाळची एक नळी अजून उभी आहे.
तिच्यातला दुर्सुन एका दिवसानंही म्हातारा झालेला नाही,
एक पायरीही चढलेला नाही.