वाळू

मी ऑर्विल नोव्होटनी. हार्लन क्रीकच्या शाळेत
बावीस वर्षं किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला.
गाव नेब्रास्कातलं, एवढंसं. इथं बातमी पायी चालत नाही,
तिला कुणाच्या तरी गाडीत कायम जागा मिळते.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी
व्यायामशाळेत एकशे चाळीस खुर्च्या मीच मांडल्या,
आणि लोरीन क्रेचमर माईकपाशी आली.
हातात कागद, कागदाला थरथर.
म्हणाली, मुलींच्या संडासात मांजराची वाळू ठेवलीय, खोक्यात,
त्या शेपटीवाल्या पोरांसाठी.
कुणी पाहिलं? तिच्या भाचीच्या मैत्रिणीनं.
मैत्रिणीला कुणी सांगितलं, ते विचारायची
कुणालाच घाई नव्हती.

मग एकेक जण उठला. वर्गात भुंकतात म्हणे.
बशीतून दूध चाटतात म्हणे.
आणि एकानं आवाज खाली आणून असं काही सांगितलं
की पुढच्या रांगेनं लेकरांचे कान झाकले
आणि स्वतःचे टवकारले.

शेपटीवाली पोरं म्हणजे किती? एक.
टॅमसिन ओडेगार्ड, अकरावी.
शुक्रवारी पट्ट्याला कोल्ह्याची शेपूट अडकवते.
घरी तिनं फोमचं डोकं केलंय,
कुत्र्याचे केस कापायच्या मशीननं गालांवरची लव उतरवलीय,
आत जुन्या कॉम्प्युटरचा पंखा,
कारण आत, ती म्हणते, भट्टी असते.
डोळ्यांच्या जागी जाळी. समोरचं कसंबसं दिसतं,
पायाखालचं नाहीच.
वर्षातून एकदा आईबरोबर ओमाहाच्या हॉटेलात जाते.
तिथं लांडगे लिफ्टसाठी रांगेत उभे असतात
आणि एक पाणघोडा, एरवी हिशेबनीस,
सगळ्यांना स्ट्रॉनं पाणी पाजत फिरतो.
भुंकताना मी तिला ऐकलेलं नाही.
खोकताना ऐकलंय.

हे सगळं चाललं होतं भिंतीवरच्या बॅजरखाली.
बॅजर आमच्या संघाचा. दर सामन्याला
लोरीनचाच थोरला त्याच्या कातड्यात शिरून
मैदानभर लोळतो, ढुंगण हलवतो,
आणि अख्खं गाव उभं राहून टाळ्या पिटतं.
ते डोकं नंतर मी धुतो.
वास कसा असतो, मला विचारा.

विचारलंच मला, पण दुसरं. ऑर्विल, तू सांग.
सांगितलं: संडास मी घासतो.
वाळू नाही. खोकं नाही.
मागून कुणीतरी म्हणालं, नोकरी आहे ना बिचाऱ्याची.

तेवढ्यात लोरीनचा धाकटा, पाच वर्षांचा,
पोटभर नाचो खाल्लेला,
तिसऱ्या रांगेत भडाभडा ओकला.
मी सवयीनं धावलो, कोठीतून बादली आणली,
आणि वर ओतली
मांजराची वाळू.
स्वस्त पडते. ओल शोषते.

शांतता. मग चाळीस फोन वर.

सकाळपर्यंत पराचा कावळा झाला,
कावळा राजधानीपर्यंत उडाला,
चोचीत माझी बादली.

खरं तर बादली प्रत्येक वर्गात आहे.
लाल झाकणाची, कपाटात, वर घडी घातलेला पडदा.
कुणी बंदूक घेऊन आला
आणि पोरांना दारं लावून तासन् तास आत बसावं लागलं, तर.
ते कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

खुर्च्या गोळा करायला टॅमसिन थांबली होती.
शेपूट ओल्या फरशीवर घासत होती.
म्हटलं, उचल जरा.
तिनं ती एका हातात धरली,
जुन्या फोटोंतल्या बायका झग्याचा घेर धरतात तशी,
आणि दुसऱ्या हातानं खुर्च्या रचत राहिली.