तिसरा पाइप

ऑरिन टटलचे 'स' आधी गेले,
मग 'फ', मग बायकांच्या आवाजातली टोकं.
मला माहीत आहे, कारण दर सहा महिन्यांनी
त्याच्या कानांचा आलेख मीच काढते:
सुरुवातीला सपाट, मग कड्यावरून पाय घसरल्यासारखा.
हे कुणाला सांगायचं नसतं. सांगितलं नाही.

मार्चचा पहिला मंगळवार. व्हरमाँटमधलं ईस्ट कोरली,
शाळेचं जिम, बास्केटबॉलच्या रेषांवर लोखंडी खुर्च्या,
बुटांखाली चिखल, दाराशी मेपलच्या पाकातले डोनट.
हातात पिवळं कार्ड. मला नागरिक होऊन अकरा महिने.
ठराव क्रमांक नऊ: गावाच्या मंडळावर कुणीही
सलग चार मुदतींहून जास्त बसू नये.
ठरावात नाव कुणाचंच नव्हतं.
सगळे एकाच माणसाकडे पाहत होते.
बारा मुदती, छत्तीस वर्षं, वय चौऱ्याऐंशी.

मार्गो पेल्की उठली. तिचा आवाज बारीक.
"शाळेच्या छताचं मी तीनदा विचारलंय," म्हणाली.
ऑरिनने मान डोलावली, प्रसन्नपणे.
त्याला छत ऐकू गेलंच नव्हतं. मला दिसत होतं.
नुसती मान डोलावून
माणूस किती लांब जातो!

साठी बुद्धी नाठी, म्हणते माझी भाषा,
आणि त्याच तोंडाने म्हणते, जुनं ते सोनं.
तिच्यावर मत सोपवून चालणार नव्हतं.

शेजारच्या खुर्चीत केलेब डुफ्रेन, मंडळात नवा, चौतीस वर्षांचा,
कान ठणठणीत. तेही मीच तपासलेत, लाकडाच्या गिरणीतल्या नोकरीसाठी.
मार्गो बोलत होती तेवढा वेळ
तो फोनवर अंगठा फिरवत होता.
त्याला कुठली मुदत लावायची?

आणि मामा आठवला.
गावचं सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं,
मामी उभी राहिली, निवडून आली,
आणि ग्रामसेवक पाच वर्षं कागद घेऊन
मामासमोरच बसत राहिला.
मामी चहा ठेवून यायची, सही करायची,
दूध उतू जाईल म्हणून परत पळायची.
खुर्ची बदलली होती. बूड तेच.

मग रस्त्यांचं काम बघणारा विल्मर उठला:
"पुराच्या रात्री डोंगररस्त्याखालचे पाइप
कुठे पुरलेत ते एकट्या ऑरिनला ठाऊक होतं.
नकाशा नव्हता. अंधारात काठी टेकवून म्हणाला, इथे खणा.
तिथेच निघाले."
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या,
आणि वाजवता वाजवता हात थांबले.
छत्तीस वर्षांत नकाशा का नाही?

मी कार्ड वर केलं. ठरावाच्या बाजूने.
ठराव पडला, चार मतांनी.

गुरुवारी साडेनऊला ऑरिन दवाखान्यात. टोपी मांडीवर.
"तुझं कार्ड पाहिलं मी," म्हणाला,
"डोळे शाबूत आहेत अजून."
मी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, सूर सोडू लागले.
तो बटण दाबत राहिला,
सूर आला की, आणि सूर नसतानाही,
नेमाने, अंदाजाने,
येणारच होता तो, अशा खात्रीने.

बाहेर आल्यावर विचारलं, मोठ्याने, ओठ दिसतील असं:
"पाइप कुठे आहेत?"
तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला.
ऐकू गेलं होतं.
आलेखाच्या पाठकोऱ्या बाजूवर
त्याने रस्ता काढला, ओढा, बर्चचं वाकडं झाड,
एक पाइप, दुसरा पाइप, फुटांचे आकडे,
अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.
मग पेन्सिल खाली ठेवली.
"तीन आहेत ना?"
"तिसरा," टोपी डोक्यावर बसवत तो म्हणाला,
"पुढच्या निवडणुकीनंतर."